संयुक्त दशावतार आणि स्पायडरमॅनचा माड

गोव्यातल्या आमच्या पेडणे तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेला यंदा संयुक्त दशावतार होता. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, दशावतार म्हणजे रात्रभर चालणारं आपलं लोकनाट्य, आणि एरवी जत्रेला एकच कंपनी येते, तिचा पेटारा, तिचा पखवाजवाला, तिची राजपार्टी म्हणजे राजाची कामं करणारा नट, तिची स्त्रीपार्टी म्हणजे बाईची कामं करणारा नट, सगळं एका मालकाचं. संयुक्त असला की तीन-चार कंपन्यांतले निवडक कलाकार एका रात्रीपुरते एकत्र येतात. म्हणजे भीम एका कंपनीचा, बकासुर दुसऱ्या कंपनीचा, आणि दोघेही आपापल्या कंपनीत मोठे, दोघांनाही बघायला लोक लांबून गाडी मारून येतात. रात्री दोनला लढाई सुरू झाली तेव्हा मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. बकासुरवाला पडायलाच तयार नाही. एकदा आपटला, उठला, परत आपटला, परत उठला, पखवाजवाल्याचा हात भरून आला असेल, शिट्ट्या चालूच, आणि शेवटी एकदाचा तो असा धाडकन पडला की स्टेजच्या फळ्या वाजल्या. टाळ्या भीमापेक्षा त्याला जास्त पडल्या.

माझा भाचा बाजूला खाज्याची पुडी घेऊन बसलेला, वय तेरा, सुपरहिरो म्हटलं की जेवण विसरतो. तो म्हणाला, "मामा, हे लोक एका रात्रीसाठी जमतात, मग बॅटमॅन आणि स्पायडरमॅन एका पिक्चरात का नाय येत?"

तिथे पखवाजाच्या आवाजात काय सांगणार. घरी येताना स्कूटरवर सांगायला लागलो, घर आलं तरी निम्मं पण झालं नव्हतं, म्हणून आता बसून नीट लिहितोय, कारण हा प्रश्न मलाही त्याच्याच वयापासून पडलेला आहे.

आधी कोण कोणाचं ते बघू. बॅटमॅन, सुपरमॅन, वंडर वूमन हे डीसी या कॉमिक कंपनीचे, आणि डीसी वॉर्नर ब्रदर्सकडे. आयर्न मॅन, कॅप्टन अमेरिका, थॉर हे मार्व्हल या दुसऱ्या कॉमिक कंपनीचे, आणि मार्व्हल २००९ मध्ये डिस्नेने सुमारे ४ अब्ज डॉलरला विकत घेतली. इथपर्यंत सोपं आहे. डोकं फिरतं ते स्पायडरमॅनपाशी, कारण तो आहे मार्व्हलचा पण त्याचे पिक्चर काढते सोनी.

हे समजायला आपला माड बघायचा. माड भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, जमीन भाटकाराची, पण सूर, म्हणजे माडी, काढायचा हक्क रेंदेराला, म्हणजे माडी उतरवणाऱ्याला, दिलेला असतो. रेंदेर रोज वर चढतो, मडकं बांधतो, सूर उतरवतो, भाटकाराला ठरलेला खंड देतो. आता भाटकार कितीही मोठा मालक असला तरी एखाद्या सकाळी उठून त्या माडावर स्वतःचं मडकं बांधू शकत नाही, आणि रेंदेर उद्या म्हणाला की माड माझाच, तर तेही चालत नाही. सुपरहिरोचं अगदी असंच आहे. पात्र म्हणजे माड. पिक्चर काढायचा हक्क म्हणजे सूर. कॉमिक, खेळणी, टीशर्ट, कार्टून, व्हिडिओ गेम हे सगळे वेगळे वेगळे हक्क, आणि प्रत्येक हक्क वेगळ्या माणसाला वेगळ्या कागदावर देता येतो.

मार्व्हलने हे हक्क वाटले कारण हातात पैसा नव्हता. १९८५ मध्ये स्पायडरमॅनचे पिक्चरचे हक्क कॅनन नावाच्या कंपनीला गेले ते फक्त सव्वादोन लाख डॉलरला. पुढे ते हक्क या हातातून त्या हातात फिरत राहिले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि डिसेंबर १९९६ मध्ये तर मार्व्हलनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. एक्स-मेन फॉक्स स्टुडिओकडे, फॅन्टॅस्टिक फोर फॉक्सकडे, हल्क युनिव्हर्सल स्टुडिओकडे, अशी सगळी पांगापांग. १९९८ मध्ये मार्व्हलने सोनीला जवळजवळ सगळीच उरलेली पात्रं अडीच कोटी डॉलरला देऊ केली होती, आयर्न मॅन, थॉर सगळे, आणि सोनीने सांगितलं आम्हाला फक्त स्पायडरमॅन द्या, बाकीच्यांना कोण विचारतो. हे वाचलं तेव्हा मी खरंच थोडा वेळ गप्प बसलो होतो. आज ज्या पात्रांवर अब्जावधी डॉलर येतात ती तेव्हा कोणाला फुकटात नको होती.

या करारांत अजून एक अट असते आणि ती कळली नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. रेंदेराने माडावर चढायचं सोडलं तर हक्क परत भाटकाराकडे जातो. सोनीच्या करारात एक पिक्चर आला की पुढचा साधारण पावणेसहा वर्षांच्या आत थिएटरात आलाच पाहिजे, नाहीतर स्पायडरमॅन मार्व्हलकडे परत. म्हणून कधीकधी गोष्ट सुचलेली नसते तरी पिक्चर काढायला लागतो. याचं सगळ्यात वाईट उदाहरण १९९४ चा फॅन्टॅस्टिक फोर. हक्क संपत आलेले, म्हणून साधारण दहा लाख डॉलरमध्ये घाईघाईने पिक्चर शूट केला, त्यातल्या नटांनी मन लावून काम केलं, आणि तो पिक्चर कधी रिलीजच केला नाही. हक्क मात्र वाचले. मी स्वतः हौशी नाटकात काम केलंय, दोन-दोन महिने तालमी करून पडदाच उघडला नाही तर काय वाटेल ते मला माहीत आहे, म्हणून त्या लोकांचं वाईट वाटतं.

आता वेगवेगळे मालक असले की पडद्यावर काय होतं त्याचं एक उदाहरण जवळून बघू. क्विकसिल्व्हर नावाचं पात्र आहे, विजेसारखं धावणारा पोरगा. कॉमिकमध्ये तो म्युटंट, म्हणजे एक्स-मेनच्या गोतावळ्यातला, मॅग्नेटोचा मुलगा म्हणून वर्षानुवर्षं ओळखला गेलेला, पण अव्हेंजर्समध्येही, म्हणजे मार्व्हलच्या दुसऱ्या हिरोंच्या टोळीतही, होता. म्हणजे फॉक्स म्हणते आमचा, मार्व्हल म्हणते आमचा. शेवटी दोघांनीही वापरला. २०१४ मध्ये फॉक्सच्या पिक्चरात एक नट आणि २०१५ मध्ये अव्हेंजर्सच्या पिक्चरात दुसराच नट. आणि गंमत नाही हां, अडचण बघा, अव्हेंजर्सवाल्यांना 'म्युटंट' हा शब्द वापरता येत नव्हता, बापाचं नाव घेता येत नव्हतं, तर फॉक्सवाल्यांना 'अव्हेंजर्स' म्हणता येत नव्हतं. एकाच पोराचं अर्धं आयुष्य एका घरात आणि अर्धं दुसऱ्या घरात, आणि दोन्हीकडे अर्धं झाकून ठेवायचं. प्रेक्षकाला काही कळत नाही पण गोष्ट कुठेतरी लंगडते.

हल्कचंही तसंच. युनिव्हर्सलकडे त्याच्या एकट्याच्या पिक्चरच्या वितरणाचे हक्क असल्यामुळे २००८ नंतर त्याचा स्वतःचा पिक्चर आलाच नाही, सगळीकडे तो दुसऱ्याच्या घरी पाहुणा.

मग प्रश्न येतो, भांडतात कशाला, सगळ्यांनी एकच जग करून टाकावं, पैसा वाटून घ्यावा. आणि हे थोडंसं झालेलंही आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये सोनी आणि मार्व्हलने हात मिळवला. स्पायडरमॅन डिस्नेच्या पिक्चरात येणार, २०१६ च्या सिव्हिल वॉरमध्ये आला पण, आणि बदल्यात मार्व्हलचे लोक सोनीसाठी स्पायडरमॅनचे पिक्चर बनवणार. पैसा सोनीचा, वितरण सोनीचं, शेवटचा शब्द सोनीचा, कारागिरी मार्व्हलची. माझ्या मते हे डील चाललं ते या एका ओळीमुळे. शेवटचा शब्द कोणाचा हे कागदावर होतं. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये नो वे होम आला, त्यात सोनीचे जुने दोन स्पायडरमॅनही आले आणि जगभरात साधारण १.९ अब्ज डॉलरचा गल्ला झाला.

पण मधला २०१९ चा ऑगस्ट विसरू नका. डिस्नेला वाटा वाढवून हवा होता, सोनीला द्यायचा नव्हता, आणि डील तुटलं. आदल्या महिन्यात आलेला पिक्चर संपला होता तो पीटर पार्कर हाच स्पायडरमॅन हे सगळ्या जगाला कळलं इथे. म्हणजे पोरगा भर रस्त्यात उघडा पडलेला, आणि त्याचं पुढे काय होणार हे ठरणार होतं वकिलांच्या टेबलवर. बरं, त्याचा गुरू कोण तर टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, म्हणजे डिस्नेचा. वेगळे झाले असते तर सोनीच्या पुढच्या पिक्चरात त्या पोराला आपल्या गुरूचं नाव तोंडातून काढता आलं नसतं. पाचेक आठवड्यांनी परत जुळलं, डिस्नेने २५ टक्के पैसा घालायचा आणि २५ टक्के नफा घ्यायचा असं ठरलं, पण ते पाच आठवडे मला फार बोलके वाटतात. एकमेकांत इतकं गुंतायचं की नंतर वेगळं होताना गोष्टच फाटते.

आमच्या नात्यात एक घर आहे. पणजोबांचं. आता वारसदार वीसेक, दोघे पोर्तुगालला, एक कुवेतला, बाकीचे पणजी-म्हापसा-मुंबई. कौलं बदलायची म्हटलं तरी सगळ्यांचा होकार पाहिजे, प्रत्येकाचं प्रेम आहे त्या घरावर, अगदी मनापासून, पण होकार काही एकत्र येत नाही आणि मागच्या पावसात पडवी बसली. गोव्यात अशी घरं गावोगावी दिसतील. कायमचं सामाईक सुपरहिरो विश्व म्हटलं की मला ती पडवी दिसते. कोण मेला, कोण जिवंत, कोणत्या शहरावर हल्ला झाला, कोणाचं लग्न झालं, हे सगळं एका जगात एकदाच घडतं आणि सगळ्यांना पाळायला लागतं. वॉर्नरला सुपरमॅनची गोष्ट नव्याने सुरू करायची असेल तर डिस्नेला विचारणार? डिस्नेने न्यूयॉर्क उद्ध्वस्त केलं तर बॅटमॅनच्या गॉथममध्ये त्या दिवशी काय चाललेलं ते कोण लिहिणार?

आणि हरणार कोण? खरा मुद्दा हा आहे. कॉमिकमध्ये मार्व्हल आणि डीसी खूप आधीपासून एकत्र आलेत. १९७६ मध्येच सुपरमॅन आणि स्पायडरमॅनचं जाडजूड कॉमिक निघालं. ९६ साली दोन्ही कंपन्यांची मोठी लढाई काढली तेव्हा कोणाचा हिरो हरवायचा हे ठरेना, म्हणून मुख्य पाच लढतींचा निकाल वाचकांच्या मतदानाने लावला. २००३ मध्ये डीसीची जस्टिस लीग आणि मार्व्हलचे अव्हेंजर्स एकत्र आले, चार अंक, त्यातले पहिला आणि तिसरा मार्व्हलने छापले, दुसरा आणि चौथा डीसीने, आणि मुखपृष्ठावर कोणाचं नाव आधी हे पण प्रत्येक अंकाला उलटं. सिनेमातही १९८८ मध्ये डिस्नेचा मिकी आणि वॉर्नरचा बग्ज बनी एका पिक्चरात आले होते, तर वॉर्नरची अट की दोघांना पडद्यावर सारखा वेळ. म्हणून ते दोघे एकाच फ्रेममध्ये दिसतात. बघायला मजा येते, मी आजही तो तुकडा पुन्हा पुन्हा बघतो, पण एक लक्षात घ्या, तो तुकडा मिनिटभराचाही नाही. दोन-अडीच तासांचा पिक्चर असा तराजूत मोजून लिहिता येत नाही. ज्या गोष्टीत कोणी हरू शकत नाही त्या गोष्टीत कोणाची काळजी वाटत नाही.

आता परत त्या रात्रीच्या स्टेजवर या. बकासुरवाला आपल्या कंपनीचा हिरो असून पडला, त्याच्या मालकाला राग आला नाही, त्याला स्वतःला कमीपणा वाटला नाही, उलट पडण्यातच त्याने सगळी कला दाखवली. का? कारण भीम-बकासुराची गोष्ट त्या कंपनीचीही नाही आणि या कंपनीचीही नाही. ती महाभारतातली. भीम जिंकणार हे मांडवातल्या शेंबड्या पोराला पण माहीत. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट स्टेजवर उभा राहून बोलतो, त्यामुळे संयुक्तमध्ये दोघे मोठे नट समोरासमोर आले की कोणी मागे हटत नाही, पाऊण-पाऊण तास शब्दाला शब्द लागतो, पण आख्यान दोघांच्याही वर असतं आणि पहाटेपर्यंत ते दोघांनाही आपल्या जागी आणून सोडतं. बॅटमॅन आणि स्पायडरमॅनच्या वर असं कुठलं आख्यान नाही. त्यांच्या वर आहेत ते शेअरहोल्डर.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पाहुणे म्हणून यावं, जरूर यावं, एका पिक्चरपुरतं, एका कारणासाठी, शेवटचा शब्द कोणाचा हे आधी लिहून, आणि गोष्ट संपली की आपापल्या घरी जावं. त्या जत्रेत सकाळी सहाला कलाकारांनी रंग पुसला, देवळाच्या मागे चहा घेतला आणि आपापल्या गाड्यांत बसून निघाले, त्या रात्री परत आपापल्या कंपनीत उभं राहायचं होतं. २०२५ मध्ये कॉमिकमध्ये डेडपूल आणि बॅटमॅन असेच भेटले, एक अंक मार्व्हलने काढला, एक डीसीने. हे मला पटतं.

कोणी म्हणेल, एकच मालक झाला तर भांडणच नको. तेही झालंय. मार्च २०१९ मध्ये डिस्नेने ७१.३ अब्ज डॉलरला फॉक्सचा बराचसा धंदा विकत घेतला आणि एक्स-मेन, फॅन्टॅस्टिक फोर घरी आले. फॅन म्हणून मला तेव्हा आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पण पात्रं एका छताखाली आली तेव्हा एक मोठा जुना स्टुडिओ कमी झाला, आणि वेगळ्या घरात वेगळी चूल असते तिची चव पण गेली. एक्स-मेनमधला वुल्व्हरिन म्हातारा, थकलेला दाखवणारा २०१७ चा लोगन फॉक्सने काढला आणि त्याच्या पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं. २०१८ चा ॲनिमेशनवाला स्पायडरमॅन सोनीने काढला, ऑस्कर घेऊन आला. २०१९ चा जोकर वॉर्नरचा, डीसीच्या बाकीच्या पिक्चरशी काही नातं नसलेला, त्याला ११ नामांकनं. हे तिन्ही मला सगळ्यात जास्त आवडलेले, आणि तिन्ही कोणत्या मोठ्या जगाला बांधलेले नाहीत म्हणून तसे होऊ शकले असं मला मनापासून वाटतं. वेगळेपणाने वाईट पण निघतं, हे कबूल, सोनीने स्पायडरमॅनशिवाय त्याच्या गोतावळ्यातल्या पात्रांचे पिक्चर काढले, त्यातला व्हेनम चालला आणि मॉर्बियस, मॅडम वेब, क्रेव्हन पडले. पडले तर पडले, त्यात दुसऱ्या कोणाची गोष्ट बुडाली नाही.

आपल्याकडे पठाणच्या मदतीला टायगर आला तेव्हा लोक खुर्चीवरून उठले, पण ते दोघे एकाच यशराजचे, तिथे सही एकाचीच. दोन घरांची भांडणं आपल्याकडेही झालीत, नव्वदच्या दशकात राज कॉमिक्सच्या नागराजसारखाच नागेश दुसऱ्या प्रकाशकाने काढला तेव्हा प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि नागेशवर बंदी आली. आणि हे तर अजूनच विचित्र, 'सुपर हिरो' हा शब्दच अमेरिकेत कित्येक वर्षं मार्व्हल आणि डीसीच्या सामाईक ट्रेडमार्कखाली होता, एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोघांनी शब्द मात्र मिळून धरून ठेवला होता, तो ट्रेडमार्क २०२४ मध्ये रद्द झाला.

हे सगळं भाच्याला टप्प्याटप्प्याने सांगितलं. त्याला एकच गोष्ट नीट लागली. त्याने विचारलं, "मग सुपरमॅन कधीतरी भीमासारखा होणार की नाय? कोणाचाच नसलेला?"

होणार. अमेरिकेच्या कायद्याने १९३८ मध्ये छापलेल्या कॉमिकवरचा हक्क ९५ वर्षं, म्हणजे १ जानेवारी २०३४ पासून पहिला सुपरमॅन तिथे सगळ्यांना मोकळा. ज्या दोन पोरांनी तो बनवला, जेरी सीगल आणि जो शुस्टर, त्यांनी तेव्हा १३० डॉलरला हक्क विकला होता. त्याच्या पुढच्या वर्षी बॅटमॅन. स्पायडरमॅन १९६२ चा, त्याला २०५८ उजाडेल. आपल्याकडे हिशोब वेगळा आहे, लेखक गेल्यावर ६० वर्षं, त्यामुळे इथे नाटक बसवायचं तर आधी वकिलाला विचारायला लागेल. आणि मोकळा होणार तो फक्त त्या पहिल्या कॉमिकमधला सुपरमॅन, नंतर त्याला चिकटलेल्या गोष्टी नाहीत. त्या पहिल्या सुपरमॅनला उडता येत नव्हतं, तो फक्त लांब उडी मारायचा, एका उडीत दोनशे मीटर.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरंच झालं मामा. उडणं स्टेजवर कठीण, उडी ट्रिकसीनमध्ये जमते."